विळा लागला, पाय सुजला: आता बघायचं काय?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं रोप लावणीत नाहीतर निपाणी-चिकोडीकडं उसाच्या फडात पाय कापला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. रक्त थांबवायला स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका. मग वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. तंबाखू, चुना, कॉफीची पूड यातलं काहीही भरायचं नाही. खोल असेल तर टाके. मळक्या जखमेला धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन 5 वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा घ्या. दवाखान्याची चिठ्ठी कन्नडमध्ये असते आणि महिन्याभरात हरवते, म्हणून मी तारीख कपाटाच्या दारामागं लिहून ठेवतो.

खरी गोम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आहे.

पाय लाल होतो, तापतो, ठणकतो. यातलं बरंचसं काम शरीराचंच. जखमेजवळच्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावून झिरपू लागतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी काही तासांतच येऊन जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच मढी. मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येऊन राडा आवरतात. 1882 मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला, तेव्हा त्याभोवती अशाच पेशी जमलेल्या त्याला दिसल्या.

हे वाचून मी शहाणा झालो आणि त्यातच फसलो. टाचेजवळ विळा लागला होता. सूज आली तर म्हटलं, येऊ दे, पेशी कामाला लागल्यात. दर तासाला बघत होतो, आणि दर तासाला बघणाऱ्याला फरक कळत नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, सकाळी घोट्याच्या खाली होतं की हे!" रात्री हुडहुडी भरली, जांघेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजली, पुढं पंधरा दिवस खाटेवर.

तेव्हापासून एकच पद्धत. लाली दिसली की तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची, सहा-सहा तासांनी बघायचं. उन्हानं रापलेल्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथं बोटांची पाठ फिरवा. ऊब जिथं संपते तिथं रेघ. धुताना पुसली तर त्याच जागी परत ओढा. लाली रेघेच्या आत राहिली, ठणका उतरत गेला, तर पाय उशीवर उंच ठेवून पडा. रेघ ओलांडली तर त्याच दिवशी दवाखाना. नडगीवर लाल पट्टा चढताना दिसला किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी निघा.

नुसत्या अवधाणाला घाबरू नका. जांघेतल्या गाठींत जंतू ओळखणाऱ्या पेशी वाढत असतात, म्हणून त्या फुगतात. पण नवा जंतू असेल तर पुरेशी प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी प्रथिनं) बनायला आठवडाभर जातो, तोवर भिस्त वर सांगितलेल्या पेशींवरच.

गळू पिळू नका, जंतू आत ढकलले जातात. शेजाऱ्याच्या घरातली गोळ्यांची उरलेली अर्धी पट्टी गिळू नका. आणि साखरेचा आजार असेल तर रेघ ओढत बसूच नका: ठणका जाणवत नाही, पांढऱ्या पेशीही मंदावलेल्या असतात. पहिल्याच दिवशी पाय दाखवा.