नगरपरिषदेच्या अपक्ष उमेदवाराने सेवांचा प्राधान्यक्रम कसा ठरवावा

पक्षाच्या तिकिटावर उभा असलेला उमेदवार 'निधी खेचून आणू' असे म्हणतो, तेव्हा त्याच्यामागे आमदार, पालकमंत्री किंवा निदान पक्षाचे जिल्ह्यातले वजन असते. अपक्षाकडे यातले काहीच नसते. तरीही बहुतेक अपक्षांचे जाहीरनामे पक्षांच्याच यादीची नक्कल करतात आणि सभागृह, उद्यान, प्रवेशद्वार, काँक्रीट रस्ते अशी कामे मांडतात. ही सारी कामे राज्य शासनाच्या नगरोत्थानसारख्या योजनेतून मिळणाऱ्या मंजुरीवर, तांत्रिक मान्यतेवर आणि नगरपरिषदेतल्या बहुमतावर अवलंबून असतात. याउलट पाणीपुरवठा, कचरा, गटारे, पथदिवे आणि दाखले या सेवांसाठी अंदाजपत्रकात तरतूद आधीच असते, माणसे नेमलेली असतात, कंत्राटेही दिलेली असतात. तिथे कमतरता असते ती देखरेखीची. देखरेख एकट्या नगरसेवकालाही करता येते, म्हणून अपक्षाचा प्राधान्यक्रम चालू सेवांपासून सुरू व्हावा.

पहिले काम म्हणजे नगरपरिषदेचे काय आणि कोणाचे काय, याची वाटणी करणे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये दिलेली आहेत, आणि 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत. वीज खंडित होणे हा महावितरणचा विषय आहे, शिधापत्रिका तहसील कार्यालयाचा आहे, आणि गावातून जाणारा राज्य महामार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. मतदार या साऱ्या तक्रारी एकाच दमात सांगतो आणि तसे सांगण्याचा त्याला हक्कही आहे, परंतु उमेदवाराने त्या एकाच दमात मान्य करू नयेत. 'हे नगरपरिषदेच्या हातात नाही, पाठपुरावा करीन' असे प्रचारातच सांगितलेले बरे.

दुसरे काम कागद मिळवण्याचे आहे आणि ते आचारसंहिता लागण्याच्या बरेच आधी करावे लागते, कारण माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते आणि अपिलात गेल्यास त्याहून अधिक काळ जातो. मागील दोन-तीन वर्षांची अंदाजपत्रके, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, घनकचऱ्याच्या कंत्राटाचा करारनामा आणि मालमत्ता कराची मागणी व वसुली दाखवणारा तक्ता एवढे हाती आले तरी पुष्कळ झाले. अंदाजपत्रक वाचताना केवळ पुढील वर्षाच्या तरतुदीचा रकाना पाहू नये. शेजारच्या रकान्यात मागील वर्षी प्रत्यक्षात झालेला खर्च असतो, आणि खरी माहिती तिथे सापडते. एखाद्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या बाबीखाली, दरवर्षी भरघोस तरतूद होत असेल आणि प्रत्यक्ष खर्च जेमतेम असेल, तर ती सेवा कागदावरच चालू आहे असे समजावे. अनुदानांची बाजूही तपासावी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 30 टक्के भाग पिण्याच्या पाण्यासाठी आणि 30 टक्के भाग स्वच्छता व घनकचऱ्यासाठी राखून दिलेला होता. तो पैसा कशावर खर्च झाला, हा प्रश्न कोणत्याही उमेदवाराला विचारता येतो, पण फार थोडे विचारतात.

पाण्याला मात्र जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेक प्रभागांत मतदार सर्वप्रथम पाण्याविषयीच बोलतो आणि बहुतेक आश्वासने इथेच मोघम राहतात. 'मुबलक पाणी देऊ' या वाक्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी प्रभागातल्या प्रत्येक जलवाहिनीच्या सुरुवातीचे एक घर आणि शेवटच्या टोकाचे एक घर निवडावे, व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्हीकडे पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते हे आठवडाभर लिहून ठेवावे, आणि नळाखाली 15 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. बादली एका मिनिटात भरत असेल, तर 45 मिनिटांत 675 लिटर पाणी मिळते. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटरचा जो केंद्रीय निकष आहे, त्याप्रमाणे पाच माणसांच्या घराची ती बरोबर एका दिवसाची गरज होय. भुयारी गटार नसलेल्या शहरांसाठीचा निकष 70 लिटर आहे, म्हणजे त्याच घराला 350 लिटर लागतात. शेवटच्या टोकाला हीच बादली तीन मिनिटांत भरत असेल, तर तिथे 225 लिटरच पोहोचतात, आणि पाणी एक दिवसाआड येत असेल तर रोजच्या वाट्याला त्याचेही निम्मे येतात.

या नोंदींवरून दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. सगळ्याच घरांना कमी पाणी येत असेल, तर अडचण उपशाची, पंपाची किंवा टाकीच्या क्षमतेची असू शकते, आणि ती एका नगरसेवकाने सुटणारी नव्हे. पहिल्या घराला भरपूर आणि शेवटच्या घराला थेंबथेंब येत असेल, तर व्हॉल्व्हच्या वेळा, गळती, नळाला थेट लावलेल्या मोटारी आणि अनधिकृत जोडण्या तपासायला हव्यात. हे काम पाणीपुरवठा अभियंता आणि व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा कर्मचारी, म्हणजे व्हॉल्व्हमन, यांना सोबत घेऊन होऊ शकते. त्यामुळे जाहीरनाम्यात 'प्रत्येक गल्लीची पाण्याची वेळ फलकावर लावून घेईन आणि शेवटच्या टोकाच्या घरांची मोजणी दर तीन महिन्यांनी जाहीर करीन' असे लिहिता येते, आणि ते पाळता येते. व्हॉल्व्हमनशी बोलताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. कोणत्या गल्लीसाठी कोणाचा फोन येतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कचऱ्याच्या बाबतीत करारनामा वाचल्याशिवाय बोलू नये. ठेकेदाराला पैसे वजनावर मिळतात की फेऱ्यांवर, हे आधी पाहावे. वजनावर मिळत असतील, तर ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यात त्याचा काहीच फायदा नसतो, आणि बांधकामाचा राडारोडा त्याच गाडीत आला तरी त्याचे नुकसान होत नाही. घरोघरी वर्गीकरणाचे आवाहन करणारी गाडी वाजतगाजत फिरते आणि मागे सगळा कचरा एकाच कप्प्यात पडतो, याचे कारण पुष्कळदा नागरिकांच्या सवयींपेक्षा देयकाच्या अटींत असते. वर्गीकरण न केल्यास दंडाची अट करारात आहे का आणि ती कधी वापरली गेली का, हे विचारणे हाच इथला मुख्य मुद्दा ठरावा. घंटागाडी कोणत्या गल्लीत कधी येते याची नोंद स्वच्छता निरीक्षकाकडे असायला हवी. नसेल तर ती सुरू करून घेणे हीच पहिली मागणी.

गटारे आणि पथदिव्यांबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. नालेसफाई मेअखेर पूर्ण व्हावी, काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच आठवड्यात उचलला जावा, खांबांना क्रमांक असावेत आणि बंद दिव्याच्या तक्रारीची तारीख व दुरुस्तीची तारीख एकाच वहीत दिसावी, एवढे पुरे आहे.

दाखल्यांसाठी कायद्याचा आधार तयार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार जन्म-मृत्यू दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, सेवा देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी आणि दोन अपिलीय अधिकारी ठरलेले आहेत, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. सेवा, मुदत आणि अधिकारी दाखवणारा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. तो आहे का, वाचता येईल अशा जागी आहे का, हे उमेदवाराने स्वतः जाऊन पाहावे.

करकपातीचे आश्वासन टाळावे. मालमत्ता कराची आकारणी दर चार वर्षांनी फेरतपासली जाते, आणि उपसा पंपांचे वीजबिल, औषधे, गाड्यांचे डिझेल हा रोजचा खर्च बऱ्याच अंशी नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. घरपट्टी कमी करतो आणि पाणी वाढवतो ही दोन वाक्ये एकाच पत्रकात असली, तर हिशेब कळणारा मतदार पत्रक बाजूला ठेवतो. त्यापेक्षा मोठ्या थकबाकीदारांच्या वसुलीचा आणि नोंदच न झालेल्या वाढीव बांधकामांचा मुद्दा घ्यावा, जरी त्यातले काही थकबाकीदार आपल्याच प्रभागातले निघाले तरी.

एवढे सगळे जमा झाल्यावर त्यातून तीनच बाबी निवडाव्यात, फार तर चार. प्रत्येक बाब नगरपरिषदेच्या कक्षेत आहे का, बहुमत नसताना पुढे रेटता येते का, आणि मतदाराला वर्षभराने स्वतः पडताळता येते का, हे तपासावे. यातला मधला प्रश्न सर्वांत कठीण आहे. एकट्या सदस्याला सभेत प्रश्न विचारता येतो, ठरावाची सूचना देता येते, इतिवृत्तात आपला विरोध नोंदवून घेता येतो आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी पाठपुरावा करता येतो. ठराव मंजूर करून घेण्यासाठी मात्र इतरांची मते लागतात. म्हणून ज्या बाबीला सूचक आपण आणि अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा सदस्य मिळू शकेल, ती वर घ्यावी. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडून जातात, त्यामुळे आपल्या सोबतच्या जागेवर कोण येईल याचाही विचार आधीच करावा. पाण्याच्या वेळांवर त्या सदस्याचे वैर असण्याचे कारण नसते.

विषय समित्यांवरील जागा पक्षांच्या आणि गटांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात, म्हणून निवडून आलेल्या अपक्षाला पाणीपुरवठा समितीवर यायचे असेल तर कोणत्या गटासोबत बसायचे हा प्रश्न निकालानंतर लगेच समोर येतो. 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सदस्याने नंतर राजकीय पक्षात प्रवेश केल्यास त्याचे सदस्यत्व जाऊ शकते, तेव्हा कोणत्याही पत्रावर सही करण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारावे. कोणत्या अटीवर गटासोबत बसणार आणि कोणत्या अटीवर बाहेर राहणार, हे जाहीरनाम्याच्या शेवटी दोन ओळींत छापून ठेवावे, म्हणजे निकालाच्या रात्री येणाऱ्या फोनांना द्यायचे उत्तर आधीच मतदारांच्या हाती गेलेले असेल.