जुनी गाडी, आई-बाबा आणि लांबचा प्रवास : या चुका टाळा

"काही होत नाही, चल तू." लांबच्या प्रवासात आई-बाबा हे वाक्य गाडीबद्दल बोलतात आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दलही. दोन्ही वेळा सूर तोच. गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी, बहुधा त्यांनीच हौसेने घेतलेली, त्यामुळे तिची बाजू घ्यायला ते एका पायावर तयार असतात. अशा प्रवासात मी पाहिलेले बहुतेक घोळ या एका वाक्यावर विसंबल्यामुळे झालेले आहेत. म्हणून गाडीचं असो वा माणसाचं, तोंडी ग्वाही बाजूला ठेवायची आणि स्वतः बघून ठरवायचं.

आदल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये टाकणं

लांब जायचंय म्हणून आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करायचं, संध्याकाळी गाडी आणायची आणि पहाटे निघायचं. हा शहाणपणा वाटतो, पण जुन्या गाडीला तो मानवत नाही. नवा होस पाइप बसतो, पण त्याचा क्लॅम्प जरासा सैल राहतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं जातं, पण आत हवा अडकते. ब्रेक पॅड नवे असतात, पण अजून डिस्कवर नीट बसलेले नसतात. गॅरेजच्या दारात यातलं काहीच कळत नाही. कळतं ते ५०-१०० किलोमीटर गेल्यावर.

मोठी कामं किमान दोन आठवडे आधी उरका आणि मग गाडी रोज वापरा. एकदा तरी दीड-दोन तास सलग, एसी लावून, जमल्यास चढाच्या रस्त्याने फिरवून आणा. त्या फेरीला आई-बाबांनाही न्या, म्हणजे सीट कुठे टोचते आणि आरसा कोणाला दिसत नाही हे घराजवळच कळेल. चाकं काढली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने आवळून बघा.

फेरीहून आल्यावर रात्री इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी तो उजेडात धरा. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा, त्याची काळजी नको. काळपट, चिकट थेंब इंजिन ऑइलचा. जुन्या गाडीत एखाददुसरा थेंब चालतो, पण ऑइलचा डबा सोबत घ्या आणि रोज सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. हिरवट किंवा गुलाबी डाग कूलंटचा, तो कुठून येतोय ते सापडेपर्यंत निघू नका. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर ओल असेल तर ते ब्रेक ऑइल. मग प्रवास पुढे ढकला. इथे चर्चेला जागा नाही.

"फारशी चाललेली नाही" याचा आधार घेणं

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज वडीलधाऱ्यांमध्ये फार पक्का असतो. पण रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. ३४१६ असेल तर टायर २०१६ सालच्या ३४व्या आठवड्यात तयार झालाय. शेवटी तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी १० वर्षांपुढचा टायर वापरू नका, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीचेही आकडे बघा. तिला कोणी विचारत नाही, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात जुनी निघते. तिच्यात हवा आहे का, जॅक उचलतो का, पाना नटांना बसतो का, हे घरीच एक चाक काढून पाहा.

ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डीओटी ३ (इथे हा ब्रेक ऑइलचा दर्जा) प्रकारचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी लांब उतारावर नुसत्या ब्रेकच्या जोरावर उतरवली तर तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हे गाडीतल्या सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक आहे, तरी लोक ते करत नाहीत.

उतारावर साधारण त्याच गिअरमध्ये उतरा ज्यात तो चढ चढला असता. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर सोडायची सवय जुन्या पिढीत अजून आहे. प्रेमाने पण ठाम नकार द्या. इंजिन बंद करून सोडली तर ब्रेक पेडल हलकं करणारी मदत आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. पेडल मऊ लागलंच तर भराभर दाबत राहा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

गाडी तापली की घाबरून बॉनेट उघडणं

जुन्या गाडीच्या प्रवासात सगळ्यात जास्त वेळ याच कारणाने जातो, आणि सगळ्यात महागडं नुकसानही इथेच होतं. काटा नेहमीच्या जागेवरून सरकायला लागला की लगेच एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण सोडा. विचित्र वाटेल, घामाच्या धारा लागतील, पण हीटर म्हणजे गाडीतला छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. तरीही काटा चढतच राहिला किंवा वाफ दिसली तर बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा. एवढ्या उष्णतेत आई-बाबांना गाडीत बसवून ठेवू नका. रस्त्यापासून दूर, सावलीत बसवा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि ते एकदम उसळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. "आम्ही तर बादलीभर पाणी मारायचो इंजिनावर," असं बाबा म्हणतील. मारत असतीलही. पण तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

थांबलात की विचार करा, गाडी नेमकी केव्हा तापली? गर्दीत, हळू चालताना तापली आणि वेग घेतल्यावर निवली, तर संशय फॅनवर. विजेचा फॅन असेल तर फ्यूज आणि रिले (फॅनला वीज जोडणारा स्विच) तपासा. वेगात किंवा चढावर तापली तर कूलंट कमी असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) नीट उघडत नसेल. तापण्याबरोबर बॅटरीचा लाल दिवाही लागला असेल तर आधी बेल्ट बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत एकच बेल्ट वॉटर पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) दोन्ही फिरवतो. तो तुटला की दोन्ही एकदम बंद. बेल्ट गेलेला असताना "जवळच आहे, जाऊ हळूहळू" म्हणून एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळायच्या जुन्या पद्धतीच्या) पेट्रोल गाडीत आणखी एक प्रकार होतो. भर उन्हात इंजिन आचके देत बंद पडतं, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होतं. नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ती ओढता येत नाही. सावली आणि वेळ हेच औषध. पंपावर ओलं फडकं ठेवायची जुनी युक्तीही चालते, आणि ती तुमच्यापेक्षा बाबांना चांगली येत असेल. इथे त्यांचं ऐका.

मळमळलं की "गाडी लागली" म्हणून सोडून देणं

आईला कधी गाडी लागत नव्हती आणि आता मागे बसून डोकं दुखतंय, मळमळतंय, सुस्ती येतेय. वयामुळे असेल, वळणांमुळे असेल. पण जुन्या गाडीत आधी धुराचा विचार करा. सायलेन्सरचा पाइप मध्येच गंजून फुटला असेल किंवा डिकीच्या दाराचं रबर वाळून आकसलं असेल तर धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. ओळखायची खूण अशी : बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटतं आणि गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तोच त्रास सुरू होतो. एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखत असेल तर संशय आणखी बळावतो. सगळ्या काचा उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि तपासणी झाल्याशिवाय ती गाडी पुढे नेऊ नका. कोणी गोंधळल्यासारखं बोलत असेल किंवा भोवळ आली असेल तर थेट दवाखाना. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धवट उघडी बांधून जाणं आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं, दोन्ही याच कारणासाठी टाळायचं.

खरोखर गाडी लागत असेल तर पुढे बसवा. मळमळीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते, कधी गोंधळल्यासारखं होतं, आणि प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते.

"थांबायचं का?" असं विचारणं

या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे : "नको, चालू दे." त्यामुळे विचारूच नका. दीड-दोन तासांनी गाडी थांबणार, कोणी मागो न मागो, हे आधीच सांगून टाका. निमित्त हवं असेल तर गाडीचं द्या. "इंजिनाला जरा विसावा देऊ" म्हटलं की बाबा लगेच उतरतात. "तुम्हाला विसावा हवा असेल" म्हटलं की उतरत नाहीत. हा डाव हमखास चालतो.

चार तासांहून जास्त सलग बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि वयाबरोबर तो आणखी वाढतो. उतरून पाच मिनिटं चालायचं, बसल्या जागी घोटे वर-खाली करायचे. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, तिथे गरम लागणं किंवा अचानक धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नका.

खरी गोम पाण्यात असते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आई पाणीच पीत नाही, आणि वयाबरोबर तहानही कमी जाणवते. थांब्याची वेळ ठरलेली असली की ही धास्ती कमी होते. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी चुकवणं हा त्यावर उपाय नाही.

दिवसाचा पल्ला किलोमीटरवर ठरवू नका, तासांवर ठरवा. माझ्या मते प्रत्यक्ष चालवण्याचे सहा तास ही वरची मर्यादा धरावी. मध्यरात्री दोन-तीनला निघून लवकर पोहोचायचा बेत तर आखूच नका. ती वेळ डुलकी लागण्याची असते आणि आई-बाबा धाकधुकीने आदली रात्र जागेच असतात.

औषधं डिकीत टाकणं

औषधांची पिशवी हाताशी हवी. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी वाढतं. इन्शुलिन अशा गाडीत ठेवलं तर निकामी होऊ शकतं. उलट बर्फाला थेट चिकटवलं आणि गोठलं तर तेही फेकून द्यावं लागतं. त्याच कारणाने "तुम्ही बसा, मी आलोच" म्हणून वयस्कर माणसालाही बंद गाडीत सोडून जायचं नाही. मधुमेह असेल तर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यावर द्यायला ग्लुकोज पुढच्या खणात असू द्या : १५ ग्रॅम द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. औषधांच्या नावांची चिठ्ठी आई-बाबांच्या आणि तुमच्याही खिशात ठेवा.

बाबांना चालवायला द्यावं की नाही

सरसकट नाही म्हणणं हीसुद्धा चूकच. शेजारच्या सीटवर बसलेल्या बाबांचा उजवा पाय उतारावर बघा. नसलेला ब्रेक ते पूर्ण ताकदीने दाबत असतात. अशा माणसाला दिवसभर नुसतं बसवून ठेवलं तर तो जास्त थकतो आणि तुम्हालाही थकवतो. त्यातून गाडीचा नेहमीचा आवाज त्यांच्या कानात बसलेला असतो. "सूर बदललाय" म्हणाले तर खोटं ठरवायच्या आधी थांबून बॉनेट उघडा.

डॉक्टरांची हरकत नसेल आणि परवाना चालू असेल तर सकाळच्या उजेडात, सरळ, मोकळ्या रस्त्याचा तासाभराचा टप्पा त्यांना द्या. संध्याकाळनंतर नाही. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो आणि समोरच्या दिव्याने दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. झोप आणणारी गोळी घेतलेल्या दिवशीही नाही. चालक बदलताना सीट, तिन्ही आरसे आणि पट्टा इंजिन सुरू करण्याआधी लावून घ्यायचे. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. जुन्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम गच्च दाबून धरायचा नाही, हे त्यांना सांगायची गरज नाही. ते त्यांना ठाऊक असतं. विसरलेलो असतो आपण, नव्या गाड्यांच्या सवयीने.