पहिली ते चौथीला गाणं शिकवायचंय? आधी स्वतःची पट्टी बघा

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली, शाळा मिळाली आणि पहिल्याच शिक्षण परिषदेत तुम्हाला ऐकवलं असेल की संगीत सगळ्या विषयांत गुंफायचं. कसं, ते तिथे कुणी सांगत नाही. चहा होतो, फोटो होतो, आपण गावी परत. मीही असाच शिक्षणसेवक म्हणून माण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, पट सगळा मिळून 31. कॉलेजात गॅदरिंगला गायचो, त्यामुळे हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी समजूत.

बडबडगीतं, कृतिगीतं यांवर इथे लिहीत नाही, ती डीएडला झालेली असतात. मी जिथे सपशेल आपटलो तेवढंच सांगतो, आणि ते जरा लांबण लावून सांगणार आहे.

माझा आवाज ढाला, म्हणजे जड, खालचा. सा खालच्या काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या खालच्या भागातल्या पाचव्या काळ्या सुरावर. सा जिथे धरतो ती आपली पट्टी. माईकसमोर तो भारदस्त वाटायचा. वर्गात मी त्याच पट्टीत गाणं धरायचो आणि समोरून जे यायचं ते विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटर घरघरते तसं. निम्मी मुलं घरघरायची, उरलेली भलत्याच उंचीवर किंचाळायची. मी म्हणायचो, "मोठ्यानं!" मग सगळीच किंचाळायची. दोन महिन्यांत माझा निष्कर्ष तयार: या पोरांना सूरच नाही.

तिसरीत एक मुलगी होती, सगळ्यांत पुढे उभी राहून मनापासून गायची आणि सगळ्यांत जास्त घरघरायची. 15 ऑगस्टच्या समूहगीताच्या सरावात मी तिला म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." रागावलो नाही, हसत म्हणालो. तिनं मान डोलावली आणि कार्यक्रमात अगदी तसंच केलं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या तोंडून जाऊ नये म्हणून सांगतोय.

आता चूक कुठे होती ते नीट बघा. पुरुषाचा गळा आणि लहान मुलाचा गळा यांत साधारण एका सप्तकाचं, म्हणजे एका सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर. मी सा लावला की मुलांनी त्याच्या वरच्या सप्तकातला सा धरायचा असतो. मोठ्या बायकांना हे आपोआप जमतं. सहा-आठ वर्षांच्या मुलाला पुष्कळदा जमत नाही. ते मूल प्रामाणिक असतं, मास्तरांचा ऐकू आला तोच सूर शोधत खाली उतरतं. तिथे त्याच्या गळ्यात काही नसतंच, म्हणून घरघर. ज्यांना सप्तक बदलायचं कळतं, त्यांचीही सुटका नाही. माझ्या काळी पाचच्या एक सप्तक वर गेलं तरी तो सा पेटीच्या मधल्या पांढरी एकच्या खालीच राहतो. चाल मंद्रात, म्हणजे सा-च्या खाली शिरली की मुलं गप्प. आणखी एक सप्तक चढावं तर ती किंचाळी. म्हणजे मी पोरांना अशा घरात कोंडलं होतं जिथे खाली विहीर आणि वर छत डोक्याला लागतंय. वर मीच म्हणत होतो, यांना चालता येत नाही.

या वयाच्या बहुतेक मुलांचा आरामाचा पल्ला मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. चाल सा-च्या खाली उतरत असेल तर सा पांढरी तीन-चारवर घ्या, वर वरच फिरत असेल तर पांढरी दोनही चालेल. परिपाठात 52 सेकंदांचं राष्ट्रगीत आणि 2023 पासून राज्यगीतही आहे. तुम्ही संगीताचा तास घ्या अगर न घ्या, मूल रोज सकाळी गातंच. ते कुठल्या पट्टीत सुरू होतं हे कुणीतरी बघायला नको?

मला हे कुठल्या तज्ज्ञानं सांगितलं नाही. दिवाळीनंतरची गोष्ट. खिचडी रटरटत होती, पोषण आहाराच्या मावशी तांदूळ हलवत ओवी म्हणत होत्या, आणि ताटं घेऊन रांगेत बसलेली माझी "सूर नसलेली" पोरं त्यांच्यामागून प्रत्येक ओळ उचलत होती. स्वच्छ. मी दारात उभा. मावशींनी बघितलं आणि हसत म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यामागं पोरांना घसा खाली वढाय लागतुय. जरा वर धरा की." त्या रात्री मोबाईलवर ट्यूनरचं फुकट अ‍ॅप टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मावशींची ओवी मोजली. पांढरी एक ते पांढरी पाच, तेवढ्यातच फिरत होती. मुलांच्याच सप्तकात. बाईचा आवाज असल्यामुळे मुलांना काही बदलून घ्यावं लागत नव्हतं.

एक माझं मत, पटलं तर घ्या: गाण्याच्या बाबतीत नव्या शिक्षकानं संगीत विशारद झालेल्या मित्राकडे शेवटी जावं. तो रागापासून सुरू करतो. मला अशाच एकानं ऐकवलं, पेटीशिवाय सूर पक्का होत नाही. मी साडेचार हजारांची जुनी पेटी घेतली. एक हात भात्यावर, डोळे पट्ट्यांवर, आणि मागच्या ओळीतली पोरं खिडकीतून बाहेर. आता तिचा उपयोग एवढाच की सुरुवातीचा सूर दाबून दाखवायचा आणि झाकण लावायचं.

ब्लूटूथ स्पीकर हा दुसरा शॉर्टकट. ग्रुपवर आलेला कराओके ट्रॅक लावायचा, मुलं नाचतात, व्हिडिओ झकास होतो. पण मुलं ट्रॅकच्या वर ओरडतात, एकमेकांना ऐकत नाहीत, आणि ट्रॅकची पट्टी कुणा मोठ्या गायकाच्या सोयीची असते. गॅदरिंगच्या नाचाला लावा, हरकत नाही. वर्गात नको.

तुमचा आवाज माझ्यासारखाच खालचा असेल तर घाबरू नका. मी पांढरी चारवर सा लावतो, पंचमापर्यंत कसाबसा पोचतो, पुढे एखाद्या मुलीला ओळ सांगायला लावतो. आवाज फाटला तर मुलं हसतात, मीही हसतो. उलट सर चुकतात म्हटल्यावर बुजरी पोरं तोंड उघडतात.

सगळ्यांत जास्त कामी आली ती हजेरी. मुलं एकमेकांना चिडवतात ती चाल आठवा, दोन सुरांची, वरून खाली येणारी. आपल्या सरगमीत ती प-ग. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय (1882–1967) यांचा आग्रह होता की मुलांचं संगीत त्यांच्या लोकगीतांपासून सुरू व्हावं, आणि त्यांच्या पद्धतीत पहिले दोन सूर हेच: सो-मी, म्हणजे आपले प-ग. मला हे फार नंतर वाचायला मिळालं, तोवर आमच्या ओट्यावर ते रोज चालू होतं. मी नाव प-ग वर घ्यायचं, मुलानं त्याच सुरांवर "हजर सर" म्हणायचं. चार-पाच मिनिटांत सगळ्यांचे गळे ऐकून होतात, परीक्षा न घेता. कुणाचा सूर हलला तर बोलायचं नाही. त्याच्या सुराला आपण जायचं, पुढचं नाव तिथून घ्यायचं.

पाढ्यांबाबत मात्र इशारा. केरवा तालाच्या आठ मात्रांत पाढे फार सुंदर बसतात आणि तिथेच फसगत होते. मुलं तीसपर्यंत धडाधड म्हणतात, मग "सात चोक?" विचारलं की सात एके सातपासून गाडी सुरू करतात. सुरात पाठ झालेलं सुरातच सापडतं. म्हणून चाल पक्की झाली की उत्तराच्या जागी टाळी. "सात चोक" आणि टाळी, आकडा मनात. पुढे मी मधूनच कुठलंही घर विचारतो, तेही तालात. हे केलं नाही तर पाढ्यांचं फक्त गाणं होतं.

वाद्यं विकत आणू नका. शाळेच्या कपाटात लेझीम असतेच. बाटलीत चिंचोके भरा, दोन करवंट्या घ्या. पण सगळ्या वर्गाच्या हातात एकदम देऊ नका, मी दिली होती, शेजारच्या वर्गातून मॅडम आल्या. दोघांकडे वाद्यं, बाकीचे टाळीवर, पाळी फिरती. आमच्याकडे एका मुलाचे वडील गजीनृत्याच्या मंडळात ढोल वाजवतात. त्यांना एका शनिवारी बोलावलं तेव्हा कळलं की त्या मुलाला माझ्यापेक्षा ताल कितीतरी जास्त येतो. गावात हलगीवाला, भजनी मंडळ, भोंडल्याची गाणी पाठ असलेली आजी कुणीतरी असतंच. घरचं एक गाणं आणायचा गृहपाठ द्या. शिव्या असलेलं एखादं येईल, तयारी ठेवा.

ती मुलगी. हजेरी सुरू केली तेव्हा ती नुसतं बोलायची, "हजर सर", सपाट. मी काही म्हणालो नाही, म्हणायला तोंडही नव्हतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत एका मंगळवारी मी तिचं नाव घेतलं आणि उत्तर प-ग वर आलं, बारीक, पण बरोबर जागेवर. मी हजेरीपटावरून मान वर केली नाही. तिथूनच पुढचं नाव घेतलं.