बेदाण्याचा पुरवठा: भाव बोलण्याआधी काय ठरवायचं

तासगावचा प्रक्रियादार आणि पुण्या-मुंबईची बेकरी कंपनी वर्षभराच्या पुरवठ्यासाठी हात मिळवतात, तेव्हा बिनसतं ते भावावरून कमी, ओलाव्यावरून जास्त. 10 टनांच्या गाडीत एक टक्का म्हणजे 100 किलो पाणी, तेही बेदाण्याच्या भावानं. म्हणून कमाल ओलावा किती, कुठल्या मीटरवर आणि कोणी मोजायचा, हे आधी कागदावर घ्या.

नमुना गाडीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या थप्पीतून मिळून 12 पेट्यांचा घ्या. प्रत्येक पेटीतून वरचा, मधला, तळाचा दाणा एकत्र करून तीन पिशव्या भरा. दोन दोघांना, तिसरी सीलबंद, वाद झालाच तर उघडायला. दोन्हीकडची मीटर महिन्यातून एकदा एकाच नमुन्यावर ताडून पाहा.

एक चूक मात्र हमखास होते. 4-5 अंशांच्या कोल्ड स्टोअरेजमधून निघालेली पेटी पावसाळ्यात लगेच उघडली, की दाण्याला घाम सुटतो. मीटर चढतं, माल परत. बंद पेटी रात्रभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग नमुना काढा.

काडीकचऱ्याचंही तसंच. ‘स्वच्छ माल’ असं करारात लिहून उपयोग नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये एक किलो दाणे पसरायचे, काड्या-देठ मोजायचे, किती चालतील तो आकडा लिहायचा. बेकरीच्या क्वालिटीवाल्याला एकदा ग्रेडिंगच्या टेबलाशी उभं करा. साहेबांच्या चार मीटिंगांनी होत नाही ते तिथं तासाभरात होतं.

बेदाणा तयार होतो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, मागणी उसळते दिवाळीच्या तोंडावर. खरेदीदारानं मार्चअखेर वर्षाचा आकडा द्यावा, पुढं दर महिन्याला तीन महिन्यांचा अंदाज. त्यातला पहिला महिना पक्का. ठरल्या महिन्यात माल उचलला नाही, तर स्टोअरेजचं भाडं कोणाचं? हे कलम बहुतेक करारांत नसतंच.

सुरुवात एकाच ग्रेडनं, एकाच प्लांटला, तीन गाड्यांनी करा.

प्रक्रियादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करारातही पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपुढं नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. मालाबद्दलची हरकतही 15 दिवसांत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. करारात मात्र हरकतीला दोनच दिवस ठेवा. पंधरवडाभर कंपनीच्या गोदामात पडलेल्या पेटीतला ओलावा नेमका कुणाचा, हे कुठलंच मीटर सांगत नाही.