खोलीत सिगारेट नाही ओढली तरी चालेल

साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते. फुलांच्या हंगामात लांबलांबचे लोक येतात, म्हणून पहिल्याच वर्षी हौसेनं इंग्रजी पाटी रंगवली: ‘यू डोन्ट हॅव टू स्मोक इन द रूम.’ एका पाहुण्यानं त्या पाटीखालीच सिगारेट पेटवली. वर मलाच विचारलं, यात मनाई कुठं आहे? खरंच नव्हती. मी लिहून ठेवलं होतं, ‘ओढलीच पाहिजे असं काही नाही.’

तेव्हापासून इंग्रजी जुळवण्याआधी मी मराठी वाक्याचं शेपूट बघते. ‘करावं लागतं’ असेल तर हॅव टू. ‘कासला हंगामात आधी बुकिंग करावं लागतं’ म्हणजे ‘यू हॅव टू बुक’. तो नियम तिथला, मी नुसता निरोप सांगते. ‘रात्री दहाच्या आत आलंच पाहिजे’ हा मात्र माझा हुकूम, तिथं ‘यू मस्ट बी बॅक बाय टेन’. बोलताना हा फरक सगळेच काटेकोर पाळतात असं नाही. मस्ट तोंडावर म्हटलं की आपण हेडमास्तरीण वाटतो, म्हणून मी तो पाटीपुरताच ठेवलाय. नुसतं ‘जायला हवं’ असेल, म्हणजे सल्लाच, तर शुड: ‘सकाळी लवकर निघायला हवं’, ‘यू शुड स्टार्ट अर्ली’.

मस्टच्या पुढं टू लावू नका. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ (तो, ती) असला तरी मस्टला एस लागत नाही, हॅवचं मात्र हॅज होतं. आणि ‘पावसामुळं परतावं लागलं’ म्हणायचं तर मस्ट कामाचा नाही, ‘वी हॅड टू कम बॅक’.

होकारात मस्ट आणि हॅव टू सख्ख्या जावा, नकारात एकमेकींचं तोंड बघत नाहीत. माझी युक्ती सोपी आहे. मनात विचारायचं, ‘केलं तरी चालेल का?’ फुलांवर पाय दिला तरी चालेल? अजिबात नाही! मग ‘यू मस्टन्ट स्टेप ऑन द फ्लॉवर्स’. नाश्ता बरोबर आणला तरी चालेल? चालेल की, पण गरज नाही, पोहे मी देतेच. मग ‘यू डोन्ट हॅव टू ब्रिंग ब्रेकफास्ट’. माझ्या पाटीवर मस्टन्ट हवं होतं.

परवानगीचं एवढं अवघड नाही. रोजच्या बोलण्यात कॅन, जरा अदबीनं मे. कुडनं परवानगी मागता येते, देता येत नाही. एका बाईंनी विचारलं, ‘कुड आय यूज द किचन?’ मी ऐटीत म्हटलं, ‘यस, यू कुड.’ त्यांना ते ‘तसं करता येईल, पण…’ असं वाटलं. बाई पातेलं हातात धरून तशाच उभ्या, माझं ‘पण’ ऐकायला. ‘यस, यू कॅन’ म्हटल्यावर गॅस पेटला.