दलालाशिवाय घर विकताना: आधी नस्ती, मग जाहिरात

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरातला आमचा टू बीएचके फ्लॅट मी दलाल न लावता विकला. साठ लाखांच्या सौद्यात एक टक्का म्हटलं तरी साठ हजार होतात, आणि काही जण दोन टक्के मागतात, तेही दोन्ही बाजूंनी. ते पैसे वाचले याचा आनंद आहेच. पण माझ्यासारख्या एकट्या बाईला हे जमतं, हे ओळखीतल्या इतर बायकांना कळावं म्हणून सगळं लिहून काढते आहे.

दलाल गिऱ्हाईक आणतो हे खरं. पण विकणाऱ्याचे कागद अर्धवट असतात, घेणाऱ्याच्या मनात शंका असते, आणि दलालाचा खरा जम बसतो तो या दोघांच्या मधल्या जागेत. कागद पुरे असले की ती जागाच उरत नाही. जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून माझं आयुष्य नस्त्या, म्हणजे फायली, बांधण्यात गेलं, म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. जाहिरात द्यायच्या आधी नस्ती तयार.

नागपुरात पहिला प्रश्न असा की जमीन कोणत्या प्रकारची आहे. नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लीजच्या प्लॉटवर घर असेल, तर हस्तांतरणासाठी नासुप्रचं ना-हरकत लागतं आणि लीजचं नूतनीकरण झालेलं असावं लागतं. नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, जागा असेल तर तिचे नियम वेगळे. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या, लेआउटमधलं घर असेल तर घेणारा दारातच विचारतो, ‘आरएल आहे का?’ नियमितीकरणाचं ते पत्र नसेल तर बँका कर्जाला सहसा नाही म्हणतात आणि रोखीतलं गिऱ्हाईक भाव पाडतं. जागा सिटी सर्व्हेत असेल तर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) ताजी नक्कल काढा. तिच्यावर जुन्या मालकाचं नाव राहिलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. घेणाऱ्याच्या वकिलाला ते सापडेपर्यंत थांबू नका.

आमचा फ्लॅट अपार्टमेंट कायद्याखालचा. नागपुरात अशा इमारती पुष्कळ आहेत; तिथे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटऐवजी डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचा नोंदणीकृत दस्त, असतं. त्याची प्रत, आमचं विक्रीपत्र, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मनपाच्या मालमत्ता कराची चालू पावती, पाण्याचं आणि महावितरणचं शेवटचं बिल, देखभाल खर्च भरल्याचं असोसिएशनचं पत्र, एवढं एका फाइलीत लावलं. वर अनुक्रमणिका. कर्ज घेतलेलं असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधीच मागून घ्या.

सगळ्यात जास्त जीव मी वारसांच्या कागदात घातला. विक्रीपत्रावर माझं आणि यजमानांचं नाव होतं. यजमान गेल्यावर त्यांच्या हिश्श्यात मी, मुलगा आणि मुलगी असे तिघे वारस. नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, पण नॉमिनी झाल्याने मालकी येत नाही. मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं आणि प्रश्न मिटला. मुलं परदेशी असतील तर यालाच वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वात आधी हाती घ्या. सगळे प्रेमाने राहतात म्हणून कागद टाळू नका. ज्याला घर विकायचं, तो तुमच्या घरातलं प्रेम कसं पाहणार?

मग एका वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढून घेतला. वकिलाची फी मी आनंदाने दिली. दलाल नको म्हणजे जाणकार माणूसही नको, असं नाही.

भाव ठरवताना शेजारणीच्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. आपल्याच इमारतीतले किंवा गल्लीतले नोंदलेले व्यवहार त्यावर पाहता येतात. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दरही तिथेच मिळतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर लागतं. क्षेत्रफळ सांगताना कार्पेट (घराच्या आतलं) आणि सुपर बिल्टअप (सामाईक जागा धरून) दोन्ही सांगा. घेणारा टेप घेऊन येतोच.

जाहिरात मी पोर्टलवर टाकली, रविवारच्या पेपरात छोटी दिली आणि गॅलरीला ‘घर विकणे आहे, थेट मालकाकडून’ असा फलक लावला. फोटो सकाळच्या उजेडात काढा. मजला, दिशा, पार्किंग, लिफ्ट आणि किंमत स्पष्ट लिहा. पहिले फोन दलालांचेच येतात: ‘पार्टी आहे माझ्याकडे.’ मी शांतपणे सांगायची, ‘भाऊ, पार्टीला सरळ पाठवा, मी दलाली देणार नाही.’ आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. फोनवरचा माणूस सैन्यात असल्याचं सांगतो, घर न पाहताच टोकन पाठवतो म्हणतो आणि क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. असा फोन लगेच ठेवायचा.

घर दाखवताना समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना बोलावून घ्यायची. शक्य तर दिवसाच दाखवा. मे महिन्याच्या दुपारी मात्र नको. पंचेचाळीस अंशांत वरच्या मजल्याचं घर कोणालाच आवडत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर सांगून टाका. पितृपक्षात फोन कमी होतात, दसऱ्याच्या सुमारास वाढतात. कागदांची झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त पाहण्यासाठी’, आणि आधारचा नंबर झाका.

घासाघीस होणारच. ‘काकू, फायनल सांगा ना!’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. माझ्या मनात खालचा आकडा पक्का होता आणि तो मी मुलीशिवाय कोणाला सांगितला नव्हता. काही पैसे रोखीत घ्या, असं एकाने सुचवलं. मी तिथेच नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, आणि घेतलेल्या रकमेएवढाच दंड बसू शकतो. शिवाय किंमत कागदावर कमी दाखवली की भांडणात पुरावा तेवढाच उरतो.

सौदा ठरला की इसारचिठ्ठी वकिलाकडूनच लिहून घ्या. इसार किती, बाकी कधी, घेणाऱ्याचं कर्ज नामंजूर झालं तर काय, रजिस्ट्री कोणत्या तारखेपर्यंत, पंखे-गिझर-इन्व्हर्टर राहणार की जाणार, सगळं त्यात हवं. घेणारा कर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेला कसा करारनामा लागतो हे बँकेलाच विचारा. त्यांचा वकील आणि मूल्यांकन करणारा दोघेही येतात. नस्ती तयार असली की त्यांचं काम पटकन होतं. पूर्ण पैसे मिळेपर्यंत ताबा मात्र देऊ नका, ‘फक्त सामान ठेवतो’ म्हटलं तरी.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी रिवाजाने घेणारा भरतो. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. खरेदी बाईच्या नावे असेल तर शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. आमच्या खरेदीदाराने त्यासाठी घर बायकोच्या नावे घेतलं. डेटा एंट्री आणि चलन ऑनलाइन होतं. दुय्यम निबंधकाकडे दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार, पॅन आणि आधार घेऊन जा. डीडी हातात घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. त्याचा नंबर आणि बँकेचं नाव विक्रीपत्रातच छापलेलं असू द्या.

किल्ली देताना ताबा पावती करा आणि तिच्यावर वीजमीटरचं रीडिंग टाका. मनपाच्या कराच्या नोंदीत आणि वीजजोडणीवर नाव बदललं का, हे नंतर विचारून घ्या.

उरला आयकर. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे आधीच भरायचा कर, कापतो, म्हणजे साठ लाखांपैकी एकोणसाठ लाख चाळीस हजार हाती येतात. घर चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ आपलं असेल तर नफा दीर्घकालीन धरतात आणि त्यावर साडेबारा टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधीचं घर असेल तर महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही मिळतो. दोन्हींचा हिशेब सीएकडून करून घ्या. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावर सूट मिळते. टीडीएसचं प्रमाणपत्र खरेदीदाराकडून मागून घ्या आणि ती रक्कम आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली जमा दिसते का, ते तपासा. दिसत नसेल तर त्याला लगेच फोन करा.