पांढऱ्या बॉलची खातेवही

दिवसा मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशोब लिहितो, संध्याकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या क्लबात स्नूकर खेळतो. कितीतरी वर्षं माझा ब्रेक, म्हणजे एका पाळीत सलग केलेले गुण, तीस-पस्तीसच्या पुढं जात नव्हता. जगज्जेत्या रॉनी ओसुलिव्हनच्या फ्रेम (म्हणजे डाव) तेव्हाही बघायचो, पण नजर पॉटवर, म्हणजे खिशात जाणाऱ्या बॉलवर असायची. एके दिवशी वही घेऊन बसलो आणि फक्त पांढऱ्याचा, म्हणजे ज्या बॉलला काठीनं मारतो त्याचा हिशोब ठेवला. तिथून खेळ बदलला. ती वही कशी लिहायची ते सांगतो.

आलेखाचा कागद घ्या. टेबल साधारण 12 फूट बाय 6 फूट, म्हणून 12 बाय 6 सेंटिमीटरचा चौकोन आखा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे टेबलावरचा एक फूट. सहा रंगांच्या (रेड सोडून बाकीच्या बॉलच्या) जागा आणि डी, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचं अर्धवर्तुळ, काढून घ्या. दोन पेनं लागतील, लाल आणि निळं.

पहिली फ्रेम रॉनीची 1997 ची 147 च (टेबल एका दमात साफ करून होणारा पूर्ण ब्रेक) घ्या, शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमधली. पंधरा रेड, प्रत्येकामागं ब्लॅक आणि शेवटी सहा रंग, असे 36 पॉट. वेळ 5 मिनिटं 8 सेकंद. (आधी 5 मिनिटं 20 सेकंद सांगायचे, ब्रेक नेमका कुठून सुरू झाला म्हणायचा यावर ते आकडे हलले.) भागून बघा, एका पॉटला साडेआठ सेकंद येतात, टेबलाभोवतीचं चालणंही त्यातच. पांढरा हव्या त्या जागी थांबलेला असतो, म्हणून रॉनीला उभं राहून पुढचा फटका शोधावा लागत नाही.

एकदा फ्रेम सलग बघा. मग दर पॉटनंतर थांबवा आणि पांढरा जिथं थांबला तिथं ठिपका द्या. रेड घेतल्यावर लाल ठिपका, रंग घेतल्यावर निळा. शेजारी नंबर घाला.

आता फक्त लाल ठिपके बघा. तिथून ब्लॅक कसा दिसतो, पट्टी लावून तपासा. मी आयुष्यभर ब्लॅकवर नाकासमोर सरळ यायला धडपडत होतो. सरळ ब्लॅक बसतो खरा, पण मग पांढरा पुढं नाहीतर मागंच जातो, बाजूला हलत नाही, आणि पुढचा रेड हातचा जातो. थोडा कोन ठेवला की हलक्या स्टनवरसुद्धा (पांढरा पुढं-मागं न फिरता नुसता सरकेल असा फटका) पांढरा आपसूक रेडकडं सरकतो. जोर लावावा लागत नाही. हे समजायला मला एवढी वर्षं लागली याचं अजून वाईट वाटतं.

मग टेबलावर या. ब्लू, पिंक आणि ब्लॅकच्या रेषेत रेड मांडा, पण पंधरा नको, पाचच. पांढरा हातानं ठेवून सुरुवात करा. एक नियम पाळा: फटका मारण्याआधी पांढरा कुठं थांबणार ते तोंडानं बोला, "पिंकच्या डावीकडं, एक फूट." पॉट बसला पण पांढरा वीतभर चुकला, तर तो फटका चुकला असं लिहा.

जुलै-ऑगस्टात ही वही जपून वापरा. आपल्या पावसात कापड ओल धरतं, बॉल जड चालतो. मोठ्या स्पर्धांच्या टेबलांना कापडाखालच्या दगडी पाटीला खालून ऊब दिलेली असते, त्यामुळं तिथला पांढरा जेवढा पळतो तेवढा इथं पळणार नाही. जागा रॉनीची घ्या, जोर आपल्या टेबलाचा. खेळायच्या आधी डीकडून ब्लॅककडं ब्रश मारा.

दुसरं पान स्टीफन हेन्ड्री या खेळाडूसाठी ठेवा. आधुनिक काळात 7 जगज्जेतेपदं त्याची आणि रॉनीची, दोघांचीच. हेन्ड्रीची 1990 ते 1999 मध्ये झाली. 1994 ची फायनल त्यानं कोपराचं हाड चिरलेलं असताना खेळली. 17-17 वर शेवटच्या फ्रेममध्ये समोरच्या जिमी व्हाइटचा जाग्यावरचा ब्लॅक हुकला, आणि हेन्ड्री उठला तो 58 चा ब्रेक करूनच बसला. त्या ब्रेकचे ठिपके सावकाश काढा. माझ्या वहीतलं ते पान हाताळून मऊ पडलंय.

महिन्यानं तुमच्या स्वतःच्या ब्रेकचंही एक पान करा. मित्राला मोबाइलवर शूटिंग करायला सांगा. दोन ठिपक्यांमधलं अंतर तीन सेंटिमीटरच्या वर किती वेळा गेलंय, तेवढं मोजा. माझं पहिल्या पानावर नऊ पॉटांत सात वेळा गेलं होतं. परवाच्या पानावर चौदा पॉटांत चार.